केबल बिलातले पाच टक्के: गावच्या टीव्ही केंद्रासाठी टाउनकडून निधी कसा मिळवायचा

तुमच्या केबलच्या बिलाचं दुसरं पान उघडा. कर आणि शुल्कांच्या गर्दीत ‘फ्रँचाइझ फी’ अशी एक ओळ सापडेल. काही गावांत तिच्याखाली ‘पेग’ नावाची आणखी एक बारीक ओळ असते. बहुतेक जण ती न वाचताच पैसे भरतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या टाउनच्या कम्युनिटी टीव्हीच्या बोर्डावर बसायची वेळ आली. ज्या पैशासाठी आम्ही टाउन हॉलमध्ये हात जोडून उभे होतो, तो त्याच ओळीतून, म्हणजे आमच्याच खिशातून जात होता, हे तेव्हा कळलं.

अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांचा या केंद्रांशी संबंध येतो तो कार्यक्रमांपुरता. मंडळाचा गणेशोत्सव, मराठी शाळेचं संमेलन, कोणाचं तरी गाणं. कॅमेरा फुकट मिळतो, प्रशिक्षण जवळजवळ फुकट मिळतं आणि आपला कार्यक्रम गावच्या चॅनेलवर लागतो. केंद्र चालतं कशावर, हे कोणी विचारत नाही. एक दिवस केंद्र शनिवारी बंद राहू लागतं आणि मग सगळे विचारतात. ती वेळ यायच्या आधी काय करायचं ते इथे सांगतो. मॅसॅच्युसेट्सचा तपशील जास्त येईल, कारण तिथली फाइल मी स्वतः हाताळली आहे. बाकी राज्यांत जिथे वाट वेगळी फुटते, तिथे ती दाखवतो.

पैसा मुळात कुठला

केबल कंपनीला गावभर तारा टाकायच्या तर रस्ते आणि खांब लागतात, आणि रस्ते लोकांचे. मग गावाने त्या बदल्यात काही मागायचं, असा हा साधा सौदा आहे. १९७१ मध्ये मॅनहॅटनमध्ये, कोणाही रहिवाशाला आपला कार्यक्रम दाखवता येईल असं, पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनेल सुरू झालं. १९७२ मध्ये एफसीसीने, म्हणजे दळणवळणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाने, देशातल्या मोठ्या १०० बाजारपेठांत अशी चॅनेलं देणं केबल कंपन्यांना सक्तीचं केलं. १९७९ मध्ये मिडवेस्ट व्हिडिओ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती सक्ती मोडीत काढली. आज जे काही उभं आहे ते १९८४ च्या केबल कायद्यावर. त्यातल्या तीन गोष्टी पाठच करून ठेवा, टाउन हॉलमधली निम्मी वादावादी यांच्याभोवतीच फिरते.

पहिली: लायसन्स (गावात केबल चालवायचा परवाना, यालाच फ्रँचाइझही म्हणतात) देणारी संस्था कंपनीकडे पब्लिक, एज्युकेशनल आणि गव्हर्नमेंट चॅनेलं मागू शकते. या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून ‘पेग’ हे नाव पडलं. कायदा ‘मागू शकते’ म्हणतो, ‘मागितलीच पाहिजेत’ म्हणत नाही.

दुसरी: फ्रँचाइझ फीला, म्हणजे रस्ते वापरण्याच्या बदल्यात कंपनी जे देते त्याला, कमाल मर्यादा आहे. केबल सेवेतून मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के. हे उत्पन्न फक्त केबल टीव्हीचं धरायचं. त्याच तारेतून येणारं इंटरनेट यात मोजलं जात नाही.

तिसरी, आणि हीच सर्वात जास्त विसरली जाते: पेगच्या सोयींसाठीचा भांडवली खर्च, म्हणजे कॅमेरे, स्विचर, स्टुडिओचं बांधकाम, लायसन्समध्ये लिहून घेतला तर तो या ५ टक्क्यांच्या बाहेर राहतो. तो वरचा पैसा आहे. पगार, भाडं, वीज यांना मात्र ही सवलत नाही.

आता घोडं कुठे अडतं बघा. फ्रँचाइझ फी टीव्ही केंद्रालाच द्या, असं केंद्रीय (फेडरल) कायदा कुठेही म्हणत नाही. टाउनला वाटलं तर त्या पैशात रस्त्यावरचे खड्डे बुजवता येतात, आणि कितीतरी गावं तेच करतात. तुमचं सगळं काम या एका फटीत आहे: पैसा गावात येतच असतो, तो केंद्रापर्यंत कागदाने बांधून आणायचा.

आधी दार कोणतं ते ओळखा

चुकीच्या दारावर धडका मारण्यात आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं, म्हणून हे पहिलं. तुमच्या राज्यात केबलचं लायसन्स देतं कोण?

मॅसॅच्युसेट्समध्ये ते गाव स्वतः देतं. टाउन असेल तर सिलेक्ट बोर्ड (टाउनचं निवडून आलेलं कारभारी मंडळ), सिटी असेल तर बहुतेक ठिकाणी मेयर. म्हणजे कंपनीशी वाटाघाटी करणारा माणूस तुमच्याच किराणा दुकानात रांगेत उभा असतो. ही फार मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या.

व्हर्मॉन्टमध्ये हा अधिकार राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनकडे आहे. तिथे कंपनीचा पैसा त्या नियमांखाली केंद्र चालवणाऱ्या संस्थांकडे जातो. तिथे गावाकडे मागायचं ते याखेरीजचं.

कॅलिफोर्नियात २००६ च्या कायद्याने लायसन्स देण्याचं काम राज्याकडे गेलं. शहराला ५ टक्क्यांपर्यंत फी मिळत राहते, आणि शहराने ठराव केला तर पेगसाठी सहसा आणखी १ टक्का. पण तो १ टक्का केंद्रीय कायद्यामुळे भांडवली खर्चालाच बांधलेला. कॅमेरा घ्या, तो चालवणाऱ्याला पगार देऊ नका, असा प्रकार. त्याच कायद्याने कंपन्यांवरची स्टुडिओ चालवायची जबाबदारी काढून घेतली आणि २००९ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमधले केबल कंपनीचे पब्लिक अ‍ॅक्सेस स्टुडिओ बंद झाले. बे एरियातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: तुमची लढाई कंपनीशी नाही, सिटी कौन्सिलच्या बजेटच्या सुनावणीत आहे. त्यासाठीची तयारी पुढे येते, ती तुम्हालाही लागू पडेल.

लायसन्स मागवा आणि खरंच वाचा

लायसन्स हा सार्वजनिक कागद आहे. टाउन क्लार्ककडे मागा, बहुतेक वेळा टाउनच्या वेबसाइटवरही सापडतो. चाळीस-पन्नास पानं असतील. झोप येईल. चहा घेऊन बसा आणि या गोष्टी शोधा.

मुदत कधी संपते? ही तारीख फ्रिजवर लिहून लावा. नंतर ‘ग्रॉस अ‍ॅन्युअल रेव्हेन्यू’ची व्याख्या वाचा. त्यात फक्त महिन्याचं शुल्क आहे की जाहिरातींचं उत्पन्न, होम शॉपिंग चॅनेलांचं कमिशन, सेट-टॉप बॉक्सचं भाडं हेही आहे? एकेका शब्दाने वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडतो. मग पेगची रक्कम किती टक्के आहे आणि ती कोणाच्या नावाने निघते ते पाहा: थेट केंद्राच्या नावाने, की टाउनच्या? भांडवली निधी वेगळा लिहिलाय का, आणि तो एकरकमी आहे की दर वर्षाचा?

आमच्या लायसन्समध्ये टक्केवारी होती ३.९. पाच का नाही, असं मी विचारलं. खोलीत शांतता पसरली. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी सही केली होती त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि कंपनी आपणहून कशाला सांगेल.

गावात दोन किंवा तीन केबल कंपन्या असतील तर तिघींची लायसन्सं वेगळी वाचा. मुदती वेगळ्या असतात, टक्केवारीही कधी वेगळी असते.

आकडा स्वतः मांडा

केंद्रांची बोर्डं आकड्यांत कच्ची असतात. सगळे कॅमेरावाले आणि गप्पिष्ट लोक, आमच्यासकट. पण टाउन अकाउंटंटसमोर गप्पा चालत नाहीत.

समजा तुमच्या गावात केबल टीव्हीची ६,००० घरं आहेत आणि सरासरी टीव्हीचं बिल महिना ९० डॉलर. वर्षाचं उत्पन्न ६४ लाख ८० हजार डॉलर. त्याचे ५ टक्के म्हणजे ३ लाख २४ हजार. मॅसॅच्युसेट्समध्ये दर ग्राहकामागे वर्षाला ५० सेंट टाउनला वेगळे लायसन्स शुल्क म्हणून जातात. ते ३,००० डॉलर साधारणपणे याच ५ टक्क्यांत धरले जातात. म्हणजे केंद्रासाठी कमाल ३ लाख २० हजारांच्या आसपास. ३.९ टक्क्यांवर हाच आकडा अडीच लाखांवर येतो. सत्तर हजारांचा फरक, म्हणजे एका पूर्णवेळ माणसाचा पगार.

आता दर वर्षी ८ टक्के घरं केबल सोडतात असं धरा. पाच वर्षांनी ६,००० ची ३,९५० राहतात, आणि दर तोच राहिला तर ३ लाख २४ हजारांचे २ लाख १४ हजार होतात. हा तक्ता एका पानावर काढा. तुमच्या गावचे खरे आकडे कंपनीच्या तिमाही किंवा वार्षिक पेमेंटसोबतच्या विवरणात मिळतात. मागच्या पाच वर्षांची विवरणं टाउनकडे मागा. कोणीतरी ती फाइल न उघडताच लावून ठेवलेली असते.

विवरणात आणखी एक गोष्ट तपासा. कंपनी टीव्ही, इंटरनेट आणि फोन एकत्र विकते तेव्हा सवलत कोणाच्या वाट्याची धरते? सगळी सवलत टीव्हीच्या माथी मारली तर टीव्हीचं उत्पन्न कमी दिसतं आणि फीही कमी बसते. लायसन्समध्ये हिशेब तपासण्याचा अधिकार असेल तर टाउनला तो वापरायला सांगा. किती मागे जाता येईल याची मुदत त्याच कलमात असते, त्यामुळे यात चालढकल नको.

नूतनीकरण: तीन वर्षं आधीची खिडकी

लायसन्स संपायच्या सुमारास जागं होणं म्हणजे वरातीमागून घोडं. केंद्रीय कायद्यात नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया मुदत संपायच्या ३६ महिने आधी उघडते, आणि ती सुरू करण्यासाठी पहिले सहा महिने असतात. त्या काळात गावाने आपल्या भविष्यातल्या केबलविषयक गरजा काय आहेत आणि कंपनीने आतापर्यंत कसं काम केलं, हे ठरवायचं असतं. व्यवहारात बहुतेक गावं अनौपचारिक वाटाघाटी करतात आणि औपचारिक हक्क राखून ठेवतात. पण गरजा मांडणारा तो अहवाल हेच तुमचं सर्वात मोठं हत्यार. नंतर काही मागितलं की कंपनीचा वकील विचारणार, याची गरज कुठे नोंदली आहे? तेव्हा बोट ठेवायला पान हवं.

म्हणून हे करा. सिलेक्ट बोर्डाला पत्र लिहून केबल अ‍ॅडव्हायझरी कमिटी नेमायला सांगा, आणि तिच्यावर तुमचा एक माणूस बसवा. जागा भरायला माणसं मिळत नसतात, अर्ज केला की बहुतेकदा निवड होते. कमिटीकडून जाहीर सुनावणी ठेवून घ्या. त्या सुनावणीला माणसं आणा.

इथे मराठी मंडळाचा खरा उपयोग होतो. आपल्याकडे माणसं जमवण्याची कला आहे, साठ माणसांना शंभर पोळ्यांसह एका हॉलमध्ये आणणं ही आपली खासियत. फक्त साठ जणांनी एकच वाक्य म्हणू नये. सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकाने सांगावं की घरात आजारी आई असल्याने शाळा समितीची बैठक तिला चॅनेलवरच पाहता येते. दुसऱ्याने सांगावं की मुलाने स्टुडिओत कॅमेरा शिकून तोच विषय कॉलेजला घेतला. आमच्या मराठी शाळेतल्या एका काकूंनी उभं राहून सांगितलं, “माझ्या शेजाऱ्यांनी दिवाळीचा कार्यक्रम चॅनेलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दारात पणती कशी लावायची ते विचारायला आले.” अहवालात त्यांचं वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं. आम्ही तयार केलेल्या बारा स्लाइड्स मात्र कोणी उद्धृत केल्या नाहीत.

नूतनीकरणात मागायचं काय? पूर्ण ५ टक्के. त्याशिवाय भांडवली निधी, आणि तो शक्यतो पहिल्या वर्षात मोठ्या हप्त्याने, कारण महागाईने दहाव्या वर्षीच्या डॉलरला किंमत उरत नाही. चॅनेल एचडीमध्ये दिसणं. टाउन हॉल, शाळा, वाचनालय इथून थेट प्रक्षेपण करता येईल अशी जोडणी. आणि रिमोटवरच्या कार्यक्रम-यादीत ‘लोकल प्रोग्रामिंग’ एवढंच न दिसता कार्यक्रमाचं खरं नाव दिसणं.

एक सावधगिरी. एफसीसीने २०१९ मध्ये आदेश काढला की कंपनी पैशाऐवजी वस्तू किंवा सेवेच्या रूपात जे देते तेही ५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजायचं. २०२१ मध्ये सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने हे मोजणं मान्य केलं, पण बाजारभावाने नाही तर कंपनीला प्रत्यक्ष पडणाऱ्या वाढीव खर्चाने. म्हणजे फुकट केबल जोडण्यांसारखी यादी लांबवलीत तर रोख रकमेतून वजावट होऊ शकते. अग्निशमन केंद्रात फुकट केबल हवी की वर्षाला तेवढे पैसे हवेत, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी पैसे घेईन.

पैसा टाउनमध्ये आल्यावर कुठे ठेवतात

मॅसॅच्युसेट्समधल्या वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. राज्याच्या कायद्यात टाउनला आलेला कोणताही पैसा, वेगळी तरतूद नसेल तर, सर्वसाधारण निधीत जातो. एकदा तिथे मिसळला की तो तुमचा राहत नाही. पोलिस, शाळा, बर्फ उपसणं यांच्या रांगेत उभं राहून मागावा लागतो.

पुढे झालेल्या सुधारणेने राज्याच्या कायद्यातल्या चॅप्टर ४४ मध्ये ५३ एफ ३/४ हे कलम आलं. टाउन मीटिंगने, म्हणजे बजेट मंजूर करणाऱ्या गावच्या सभेने, ते स्वीकारलं तर केबलचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येतो आणि तो पेग अ‍ॅक्सेस, केबल लायसन्सची देखरेख आणि नूतनीकरण अशाच कामांना वापरता येतो. तुमच्या गावाने हे कलम स्वीकारलंय का, हे टाउन अकाउंटंटला विचारा. स्वीकारलं नसेल तर यंदाची तुमची मोहीम तीच. लोकांना समजावणंही सोपं जातं, कारण नवा कर काहीच नाही, ज्या नावाने पैसे घेतले त्याच कामाला ठेवायचे.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनीचा धनादेश लायसन्सनुसार थेट केंद्राच्या नावाने निघणं. केंद्राला हा सोपा. पण टाउनला मग वाटतं की आपला लगाम सुटला, आणि तो अविश्वास पुढे कुठेतरी वसूल होतोच. माझं मत विचाराल तर खातं टाउनकडे, करार पक्का आणि हप्ते ठरलेले, ही व्यवस्था जास्त टिकते. सगळ्या केंद्रांना हे पटेलच असं नाही.

करार

पैसे घेणारी संस्था कायदेशीर हवी: राज्यात नोंदलेली, ५०१ (सी) (३) म्हणजे करमुक्त ना-नफा दर्जाची, दर वर्षी फॉर्म ९९० हे हिशेबाचं विवरण भरणारी. फॉर्म ९९० कोणीही वाचू शकतो आणि फायनान्स कमिटीतला एक तरी जण तो वाचून आलेला असतो, हे धरूनच चला.

टाउनशी लेखी करार करा. त्यात मुदत (शक्यतो लायसन्सइतकीच), रकमेचं सूत्र, हप्त्यांच्या तारखा, केंद्र काय सेवा देणार आणि उपकरणं कोणाच्या मालकीची, हे सगळं स्पष्ट हवं. रक्कम आकड्यात न लिहिता ‘मिळालेल्या पेग रकमेच्या इतके टक्के’ अशी लिहिली तर दर वर्षीची घासाघीस वाचते. हे अनुदान आहे की सेवाखरेदी, म्हणजे निविदा लागते का, ते टाउनच्या वकिलाकडून आधीच लेखी घ्या. ऐन वेळी हा प्रश्न निघाला की सहा महिने जातात.

आणखी एक प्रश्न नक्की येतो: चॅनेलवर कोणी काहीही बरळलं तर जबाबदार कोण? उत्तर तयार ठेवा. १९८४ च्या कायद्यात केबल कंपनीला पेग चॅनेलवर संपादकीय नियंत्रण ठेवता येत नाही, अश्लीलतेसारखे मोजके अपवाद सोडून. २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या केंद्राच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की अशी खासगी ना-नफा संस्था केवळ पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनेल चालवते म्हणून सरकारचं अंग ठरत नाही. प्रत्येक निर्मात्याकडून आशयाची जबाबदारी घेणारा सही केलेला फॉर्म तुमच्याकडे असला की सिलेक्ट बोर्डाचा जीव बराचसा भांड्यात पडतो.

बजेटची वारी

मॅसॅच्युसेट्समध्ये टाउनचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. टाउन मीटिंग वसंतात. म्हणून नवख्यांना वाटतं मार्च-एप्रिलमध्ये जाऊन मागू. आम्ही पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये गेलो. छान व्हिडिओ, छापील पत्रकं, सोबत दोन डबे चिवडा. फायनान्स कमिटीच्या अध्यक्षांनी चिवडा घेतला आणि सौजन्याने सांगितलं की बजेट फेब्रुवारीतच बंद झालं.

खरी वारी अशी चालते. सप्टेंबरात टाउन मॅनेजरला भेटा, नुसतं भेटा, काही मागू नका. विभागांच्या मागण्या पडतात त्या शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला. त्या आधी तुमचा आकडा त्यांच्या टेबलावर हवा. जानेवारी ते मार्च फायनान्स कमिटीच्या सुनावण्या. तोवर सिलेक्ट बोर्डातल्या प्रत्येकाशी वेगवेगळी कॉफी झालेली असावी. मंजुरी सभेत मिळते, पण ती त्या कॉफीवर शिजलेली असते.

फायनान्स कमिटीसमोर पाच मिनिटं बोला. एक पान द्या: मागच्या वर्षी किती तासांचे सरकारी बैठकींचे चित्रीकरण, किती रहिवाशांनी प्रशिक्षण घेतलं, किती शाळकरी मुलं आली, किती स्वयंसेवक तास, आणि बैठकींच्या चित्रीकरणासाठी बाहेरचा माणूस लावला असता तर टाउनला किती पडलं असतं. हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त पटतो. तो फुगवू नका, दोन व्यावसायिकांकडून दरपत्रक घ्या आणि जोडा.

राजकारणी मंडळींना कॅमेरा आवडतो, हेही विसरू नका. बर्नी सँडर्स १९८० च्या दशकात व्हर्मॉन्टमधल्या बर्लिंग्टनचे मेयर असताना तिथल्या अ‍ॅक्सेस चॅनेलवर स्वतःचा कार्यक्रम करत. सिलेक्ट बोर्डाच्या अध्यक्षांना महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची मुलाखत द्या. लाचलुचपत नाही ही, सार्वजनिक सेवाच आहे. पण विरोधी मताच्या सदस्यांनाही तेवढाच वेळ द्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर पंचाईत होईल.

आता टाउन मीटिंग. आपल्या ग्रामसभेसारखीच, फरक इतकाच की इथे लोक खरोखर बजेटवर हात वर करतात आणि तो आकडा बदलतोसुद्धा. सिलेक्ट बोर्ड तुमचा ठराव वॉरंटवर (सभेच्या विषयपत्रिकेवर) घेत नसेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये १० नोंदणीकृत मतदारांच्या सह्यांनी वार्षिक टाउन मीटिंगच्या वॉरंटवर आर्टिकल, म्हणजे एक विषय, घालता येतं. विशेष सभेसाठी १०० सह्या लागतात. सह्या गोळा करताना आपल्या मंडळींत एक चूक नेहमी होते: ग्रीन कार्ड आणि एच-१बीवाल्यांच्या सह्या चालत नाहीत. मतदारयादीत नाव हवं, म्हणजे नागरिकत्व हवं. टाउन क्लार्क एकेक नाव तपासतो, म्हणून दहाच्या जागी पंचवीस सह्या घ्या. ज्यांना मत नाही त्यांनी सुनावणीत बोलावं, ईमेल लिहावी. तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही.

विहीर आटते आहे

केबलचा पैसा घटतोय आणि स्ट्रीमिंगवर फी बसत नाही. काही शहरांनी कोर्टात प्रयत्न केले. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये मेपल हाइट्स शहराच्या खटल्यात नेटफ्लिक्स आणि हुलूच्या बाजूने निकाल दिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून टाउनकडे पेगखेरीज दुसऱ्या वाटांनीही मागायला लागा, आणि केबलचा पैसा पुरेसा असतानाच लागा.

सरकारी बैठकींचं चित्रीकरण ही सेवा आहे. ती टाउनच्या सर्वसाधारण बजेटमध्ये क्लार्कच्या किंवा आयटीच्या खात्यात एक ओळ म्हणून घालता येते. सुरुवातीला ओळ छोटी असली तरी चालेल, ओळ असणं महत्त्वाचं. एकदा असली की ती दर वर्षी आपोआप चर्चेला येते. शाळांच्या बजेटमधून विद्यार्थी-कार्यक्रमांसाठी वेगळा करार होऊ शकतो. जागा मागा: रिकाम्या शाळेच्या वर्गाचं भाडं माफ झालं तर तोही निधीच. मॅसॅच्युसेट्समध्येच सॉमरव्हिलचं केंद्र युनियन स्क्वेअरमधल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत अनेक वर्षं चाललं, तेव्हा स्टुडिओला नवी कोरी वास्तू लागते असं नाही.

केंद्र सरकारचे सीडीबीजी (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट) अनुदानाचे पैसे शहरामार्फत येतात. त्यातला जास्तीत जास्त १५ टक्के हिस्साच सार्वजनिक सेवांना देता येतो आणि फायदा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना झाला पाहिजे, त्यामुळे तरुणांचं प्रशिक्षण असा प्रकल्प बसतो, सर्वसाधारण खर्च बसत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्व ३५१ गावांना आणि शहरांना लोकल कल्चरल कौन्सिलची अनुदानं पोचतात. रक्कम छोटी असते, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडएवढी कधीकधी, पण अर्ज शरदात असतो आणि मराठी नाटकाचं चित्रीकरण असा प्रकल्प त्यात अगदी चपखल बसतो. मंडळ आणि केंद्र यांनी मिळून अर्ज करावा.

मंजुरीनंतर

ठराव मंजूर झाला की टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि पैसे येत नाहीत. टाउन अकाउंटंटला पुरवठादार म्हणून तुमची नोंद, डब्ल्यू-९ (करक्रमांक कळवायचा फॉर्म), विम्याचं प्रमाणपत्र आणि सही झालेला करार लागतो, आणि यातलं एक काहीतरी कायम अपुरं असतं. हे सगळं जूनमध्येच देऊन ठेवा. हप्ता तिमाही असेल तर कंपनीचा पैसा तिमाही संपल्यावर काही आठवड्यांनी टाउनला मिळतो आणि तुम्हाला त्यानंतर. म्हणजे निदान चार महिन्यांचे पगार भागतील एवढी गंगाजळी लागते. ती नसेल तर पहिल्या वर्षीच्या मागणीत ‘सुरुवातीची आगाऊ रक्कम’ असं वेगळं लिहा. आणि प्रत्येक तिमाहीनंतर, कोणी मागो न मागो, एक पानाचा अहवाल टाउन मॅनेजर, सिलेक्ट बोर्ड आणि फायनान्स कमिटीला पाठवा. आमच्याकडे हे काम एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी अंगावर घेतलं आहे. ते अहवालासोबत पुढच्या तिमाहीच्या कार्यक्रमांची यादीही जोडतात, आणि फायनान्स कमिटीच्या अध्यक्षांनी गेल्या खेपेला फक्त यादीबद्दलच फोन केला होता.